कज्जा, हुज्जत आणि तर्कट

वाशीम जिल्ह्यात तर्कशास्त्राचे एकच पुस्तक खऱ्या अर्थाने खपते आणि ते तर्कशास्त्राच्या नावाने विकले जात नाही. त्याच्या मुखपृष्ठावर खाकी वर्दीतला तरुण सॅल्यूट ठोकत असतो आणि आत 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचे एक प्रकरण असते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत रात्री दहा वाजता डोकावून पाहा. शेतमजुराच्या, हमालाच्या, शिंप्याच्या, बागवानाच्या घरातली पोरे मान खाली घालून गणिते सोडवत असतात. काही खुर्च्या टेबल आहेत. काही टेबल पंखे आहेत. तर काही खुर्च्या पंखे आहेत, हा निष्कर्ष निघतो काय? आमच्या ओळखीच्या एका मुलाला आम्ही हेच विचारले. त्याने मान वर न करता उत्तर दिले, "नाही निघत, चाचा. दोन्हीकडे 'काही' आले की निष्कर्ष नसतो. ट्रिक आहे ती."

अर्ध्या तासाने तोच मुलगा चहाच्या टपरीवर मोबाईलवरची एक चित्रफीत मित्रांना दाखवत होता आणि सांगत होता की, 'ते लोक सगळे असेच असतात.' 'ते' म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज नाही. मोहल्ला बदलला की 'ते' बदलतात, वाक्य तेच राहते. दोन 'काहीं'मधून काही निघत नाही हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याने एका 'काही'मधून 'सर्व' काढून दाखवले!

दोष त्या मुलाचा नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की खुर्ची-टेबलाचा नियम माणसांनाही लागू असतो. त्याच्या हाती जे पुस्तक आले, त्याने त्याला विचार करायला नव्हे, पर्याय क्रमांक निवडायला शिकवले. आमची तक्रार त्या पुस्तकाबद्दल आहे. आणि जे पुस्तक त्याच्या हाती यायला हवे होते पण आले नाही, त्याबद्दल त्याहून जास्त आहे.

महाराष्ट्रात तर्कशास्त्र शिकवले जात नाही असे नाही. अकरावी-बारावीच्या कला शाखेत तो ऐच्छिक विषय आहे. बालभारतीने २०१९ साली अकरावीचे आणि त्याच्या पुढच्या वर्षी बारावीचे नवे पुस्तक काढले. आम्ही ते वाचले आहे. पुस्तक वाईट नाही. विधान म्हणजे काय, युक्तिवाद म्हणजे काय, सत्यता कोष्टक कसे मांडावे, तर्कदोष कोणते, हे त्यात क्रमाने येते. बारावीच्या गणितातही 'गणितीय तर्कशास्त्र' हे प्रकरण आहे. विज्ञान-वाणिज्याची मुले त्यातली 'प' आणि 'फ'ची कोष्टके भरतात, गुण घेतात आणि परीक्षेच्या हॉलबाहेर पडताना ती तिथेच ठेवून येतात. आमचा सवाल असा की, नीट विचार कसा करावा ही गोष्ट फक्त कला शाखेतल्या, त्यातही हा विषय घेणाऱ्या, त्यातही शिक्षक मिळालेल्या मूठभर मुलांनीच शिकायची आहे काय? बाकीच्यांनी विचार करायचाच नाही, असे सरकारचे म्हणणे आहे काय?

दोनेक वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय घेऊन गेलो होतो. तिथे आम्हाला अदबीने चहा मिळाला आणि उत्तर मिळाले ते असे : विषय चालवायला शिक्षक नाही. शिक्षक का नाही? मुले नाहीत म्हणून पद मिळत नाही. मुले का नाहीत? शिक्षक नाही म्हणून कोणी विषय घेत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. आपल्याकडच्या जुन्या मंतिकवाल्यांनी या प्रकाराला 'दौर' म्हटले आहे, नैयायिकांनी 'अन्योन्याश्रय' म्हटले आहे. तर्कशास्त्र न शिकवण्यासाठी दिलेले कारण हेच तर्कशास्त्राच्या पुस्तकातले उत्तम उदाहरण होते!

परतताना आमच्यातल्याच एका पालकाने विचारले, "इस से नौकरी लगती क्या?" आणि संध्याकाळी मगरिबनंतर मशिदीबाहेर एका बुजुर्गांनी ऐकून घेतले, हसले आणि म्हणाले, "मंतिक पढ़ने से आदमी हुज्जती हो जाता है, भाई."

हा शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. हुज्जत! अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण, समोरच्याला मान्य करावीच लागेल अशी दलील. मराठीत हुज्जत घालणे म्हणजे उगाच वाद घालणे. दुसरा शब्द घ्या. मंतिकच्या किताबात 'कजिया' म्हणजे विधान. जे खरे किंवा खोटे असू शकते असे वाक्य, तर्काची पहिली वीट. तोच शब्द मराठीत 'कज्जा' झाला आणि त्याचा अर्थ झाला भांडण, खटला. कज्जेदलाल म्हणजे भांडणे लावून पोट भरणारा. आणि हे केवळ आमच्याकडून आलेल्या शब्दांचेच झाले असे समजू नका. संस्कृतातून आलेला 'तर्क' मराठीत नुसता अंदाज होऊन बसला. 'तर्क लढवणे' म्हणजे पुराव्याशिवाय काहीतरी ठोकून देणे. त्यालाच शेपूट लावून 'तर्कट' केले, म्हणजे डोक्यातून काढलेले कुभांड. विधानाचे भांडण झाले, पुराव्याची कटकट झाली, तर्काचे तर्कट झाले. दोन संस्कृतींनी पेढीवर ठेवलेले सोने आपण मोडीत काढले, आणि मजा अशी की ते काढताना मात्र हिंदू-मुसलमान एकजुटीने बसले होते.

आता त्या बुजुर्गांना उत्तर देऊ. तर्काने ईमान कमकुवत होते, ही समजूत आमच्या समाजात खोल बसली आहे. पण ती आमच्या इतिहासातून आलेली नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये वजिराच्या दरबारी एक जाहीर वाद झाला. एका बाजूला तर्कपंडित मत्ता इब्न युनूस, दुसऱ्या बाजूला व्याकरणकार अबू सईद अस-सिराफी. तर्कशास्त्र ही ग्रीकांची त्यांच्या भाषेपुरती गोष्ट आहे, अरबी बोलणाऱ्यांना तिची काय गरज, असा सिराफीचा रोख होता. सभेच्या मते सिराफी जिंकला. आज 'तर्कशास्त्र पाश्चात्त्यांचे आहे, आपले नाही' असे म्हणणारे हजार वर्षांपूर्वीचाच डाव खेळत आहेत, इतकेच. पण पुढे काय झाले? त्याच शतकातल्या अल-फाराबीने तर्काची सारी मांडणी अरबीत केली आणि त्याला 'दुसरा गुरू' म्हटले गेले; पहिला अरिस्टॉटल. मग इब्न सीना आला. आणि मग इ.स. ११११ मध्ये वारलेला इमाम गझाली, ज्याच्या ईमानाबद्दल शंका घेण्याची कोणाची हिंमत नाही.

गझालीने ग्रीक तत्त्वज्ञांवर टीकेचा आसूड ओढला, पण तर्कशास्त्र मात्र उचलून घरात आणले. घरात आणताना त्याने जे केले ते आमच्या पाठ्यपुस्तक लेखकांनी नीट पाहावे. त्याने उदाहरणे बदलली. 'मियारुल इल्म' या ग्रंथात त्याने फिकहमधली, म्हणजे काझी-मुफ्तींच्या रोजच्या कामातली उदाहरणे घातली. 'अल-किस्तासुल मुस्तकीम'मध्ये तर त्याने कुरआनातल्या कथांमधूनच तर्काचे साचे काढून दाखवले. हजरत इब्राहीम आकाशातला चंद्र पाहतात, तो मावळतो, आणि जे मावळते ते आपला रब असू शकत नाही या निर्णयाला ते येतात. यातले साचे स्वच्छ आहेत. चंद्र मावळतो, रब मावळत नाही, म्हणून चंद्र रब नाही. ज्यांना तर्काने ईमान जाते असे वाटते, त्यांनी हजरत इब्राहीमांचे ईमान कुठल्या वाटेने आले ते एकदा पाहावे. बापजाद्यांनी केले म्हणून आम्ही करतो, असे म्हणणाऱ्यांना कुरआनाने फटकारले आहे, हेही त्यांनी विसरू नये.

काहीजण लगेच इब्न तैमियाचे नाव घेतील. त्याने तर्कपंडितांच्या विरोधात लिहिले हे खरेच आहे. पण त्याने काय केले? 'हुज्जत घालू नका' म्हणून गप्प बसवले? नाही. त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहून त्यांचे एकेक म्हणणे दलीलीने खोडले. तर्काचा सर्वांत मोठा विरोधकही तर्क कोळून प्यालेला होता. त्याचे नाव घेऊन मुलांना तर्कापासून दूर ठेवणे म्हणजे पैलवानाचा फोटो लावून तालीम बंद करण्यासारखे आहे.

मग आमचे चुकले कुठे? इथे आम्हाला स्वतःच्या घराची झडती घ्यावी लागेल. तेराव्या शतकात असीरुद्दीन अबहरीने 'ईसागोजी' नावाची चार-दोन पानांची पुस्तिका लिहिली. हे नाव ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'प्रवेश' असा आहे. म्हणजे 'तर्कशास्त्र प्रवेशिका'. नवख्या पोराला दारातून आत घेण्यासाठी लिहिलेली. लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीनने अठराव्या शतकात जो दर्स-ए-निजामी घालून दिला, त्यात ईसागोजी होती, तहजीब होती, तिच्यावरची शरह होती, कुतबी होती, मुहिबुल्लाह बिहारीचे सुल्लमुल उलूम होते. जगातल्या फार थोड्या अभ्यासक्रमांनी तर्काला इतकी जागा दिली असेल. खैराबादच्या फज्ले इमामने विद्यार्थ्यांसाठी 'मिरकात' लिहिले. त्याचा मुलगा फज्ले हक हाही मंतिकचाच पंडित. १८५७च्या उठावानंतर त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८६१ साली तो अंदमानातच वारला. तर्क शिकलेला माणूस नुसता शब्दांचा कीस काढत बसतो असे म्हणणाऱ्यांनी त्याची कबर कुठे आहे ते विचारावे.

पण प्रवेशिकेवर शरह झाली, शरहवर हाशिया झाला, हाशियावर आणखी टिपणी झाली. दारातून आत घेण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकानेच दार अडवले. मुलगा दलील करायला नव्हे, दलीलीवरच्या टीकेवरची टीका पाठ करायला शिकला. आणि उदाहरणे? अरबी व्याकरणात झैद हजार वर्षांपासून अमरला मारतो आहे आणि मंतिकमध्ये तोच झैद हजार वर्षांपासून उभा आहे. त्याला कोणी बसू दिलेले नाही. गझालीने उदाहरणे बदलली म्हणून तर्क जगला. आम्ही झैदला उभे ठेवले म्हणून तर्क मेला. पुढे अनेक मदरशांनी मंतिकची ही यादी छाटली. जे मेलेले होते ते पुरले, एवढेच. नवे काही त्या जागी लावले नाही.

दरम्यान जगात तर्कशास्त्राने कात टाकली होती. १८५४ साली जॉर्ज बूलने विचाराचे बीजगणित मांडले. १८७९ साली फ्रेगेने त्याला नवी लिपी दिली. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की विजेच्या स्विचांची जोडणी बूलच्या बीजगणितात मांडता येते. आज आमच्या पोराच्या खिशात जो मोबाईल आहे तो 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांच्या हिशेबावर चालतो. अफवा पोहोचवणारे यंत्र तर्काने चालते. अफवा वाचणारा माणूस मात्र नाही!

शेजाऱ्यांची गत काही वेगळी नाही, हे कोणाला बरे वाटावे म्हणून नव्हे, खरे आहे म्हणून सांगतो. हा जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण जागा जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. कारंज्याची जैन भांडारे हस्तलिखितांसाठी देशभर नावाजलेली. जैनांनी तर एकाच गोष्टीकडे किती बाजूंनी पाहता येते याचेच शास्त्र केले. न्यायदर्शनाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच पायऱ्यांची शिडी दिली. पण तिथेही तेच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून अग्नी आहे. हजार-दीड हजार वर्षे तोच डोंगर, तोच धूर. इंग्रजीतून आलेल्या पुस्तकात सॉक्रेटिस मर्त्य आहे. आमच्या किताबात झैद उभा आहे. मराठी पोराने जायचे कुठे? सॉक्रेटिस, झैद आणि डोंगर यांच्यापैकी मंगरुळपीरच्या उरुसात किंवा कारंज्याच्या बाजार समितीत त्याला कोणीही भेटलेले नाही.

मराठीत प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मे. पुं. रेगे यांच्यासारख्या मोठ्या तत्त्वचिंतकाने मराठी विद्यार्थ्यांसाठी आकारिक तर्कशास्त्र लिहिले. आमच्या विदर्भात दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून जे मासिक सुरू केले ते पुढे 'आजचा सुधारक' म्हणून ओळखले गेले. त्यातून त्यांनी विवेकवाद सोप्या भाषेत मांडला. पण रेगे महाविद्यालयाच्या वर्गात राहिले आणि देशपांडे वर्गणीदारांच्या घरात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत बसलेल्या मुलीपर्यंत दोघेही पोचले नाहीत. वाटेत पारिभाषिक शब्दांनी काटे पेरले ते वेगळेच. एका पुस्तकात 'वैध', दुसऱ्यात 'युक्त'. एका ठिकाणी 'उद्गामी', दुसऱ्या ठिकाणी 'विगमन'. मुलगी शब्दांचे अर्थ पाठ करता करता थकून जाते आणि विचार करायची वेळ येते तेव्हा तास संपलेला असतो.

कोणी म्हणेल, इतका त्रागा कशासाठी? शाळेत इतके विषय नाहीत, त्यात हाही नाही. ठीक आहे, मग किंमत काय मोजावी लागते ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यात एक मालेगाव आहे. नाशिक जिल्ह्यात दुसरे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर त्या दुसऱ्या मालेगावात मशिदीजवळ आणि कब्रस्तानात स्फोट झाले. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान होते. पुढे नऊ मुसलमानांना अटक झाली. त्या काळात पानटपरीपासून बसस्टँडपर्यंत एकच युक्तिवाद ऐकू येत होता : आधीच्या काही स्फोटांतले आरोपी मुसलमान होते, म्हणून या स्फोटातलेही मुसलमानच. कब्रस्तानात फातिहा पढायला आलेली आपलीच माणसे कोणी का मारील, हा उलट दिशेचा पुरावा कोणाला तोलावासा वाटला नाही. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केले. नववा तोवर हयात नव्हता. मधली वर्षे कोण परत देणार? आणि त्याच काळात आमच्या या मालेगावच्या एका गृहस्थाला परगावी एका लॉजवर खोली नाकारली गेली, नाव आणि गाव वाचून. गाव दुसरे आहे हे तो सांगत राहिला. एका शब्दाचे दोन अर्थ एक समजणे, याला तर्काच्या पुस्तकात संदिग्धतेचा दोष म्हणतात. त्याने ती रात्र बसस्टँडवर काढली. दोष पुस्तकात असतो तेव्हा एक गुण जातो. समाजात असतो तेव्हा माणसाची रात्र जाते.

पण थांबा. इथवर वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुढचेही ऐकावे. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र पाठवले नाही. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोट खटल्यातले सातही आरोपी सोडले. आता आठवून पाहा, आपण काय बोललो. पहिल्या निकालाला 'सत्याचा विजय' आणि दुसऱ्याला 'व्यवस्थेची मिलीभगत' म्हणालो. पलीकडच्या मोहल्ल्यात नेमके उलट म्हटले गेले. दोन्ही खटल्यांची कागदपत्रे वाचून, पुरावा तोलून एखादा माणूस दोन वेगळी मते देऊ शकतो, ते आम्हाला मान्य आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी पुरावा तोलला आणि किती जणांनी आरोपींची नावे? 'पुरावा अपुरा' याचा अर्थ आपल्या माणसासाठी वेगळा आणि परक्या माणसासाठी वेगळा असू शकत नाही. कायदा आरोप करणाऱ्यावर पुराव्याचा भार टाकतो, तो सर्वांसाठी टाकतो. दुकानात घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे वेगळे ठेवणाऱ्याला आमचा मजहब काय म्हणतो हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. मग दलीलीचे माप दुहेरी कसे चालते?

अन्यायाचा चटका ज्याला बसला आहे, त्याला तर्काची गरज इतरांपेक्षा जास्त असते, असे आमचे ठाम मत आहे. बहुसंख्याकाची चुकीची दलीलही संख्येच्या जोरावर चालून जाते. अल्पसंख्याकाची बरोबर दलीलही नीट मांडली नाही तर कोणी ऐकत नाही. आमच्याकडे हुज्जत, म्हणजे अरबी अर्थाची हुज्जत, याशिवाय दुसरे हत्यार आहेच कोणते?

आणि हा प्रश्न केवळ धर्माचा नाही, पोटाचाही आहे. आमचा जिल्हा सोयाबीनवर जगतो. पिवळा मोझॅक आला की पाने पिवळी पडतात, हे शेतकऱ्याला माहीत आहे. पाने पिवळी दिसली की तो दुकानात जातो आणि पांढरी माशी मारायचे महागडे औषध आणतो. पण लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात, वावरात पाणी साचून राहिले तरी पडतात. 'अ असेल तर ब असते, ब आहे, म्हणून अ आहे', हा तर्कदोष सत्यता कोष्टकात दोन मिनिटांत दाखवता येतो. शेतात तोच दोष उसनवारीचे पैसे घेऊन जातो. "इस से नौकरी लगती क्या?" असे विचारणाऱ्या आमच्या भावाला आमचे उत्तर हे : नौकरी लागेल की नाही ते ठाऊक नाही, फवारणी वाचेल.

मग पुस्तक कसे हवे? अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाचे एक प्राध्यापक होते. विद्यापीठात तर्क शिकवताना त्यांना वाटू लागले की आपण फार उशिरा सुरुवात करतो आहोत. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या मुलाला वर्गात चूक झाल्यावर शोध लागतो की, 'सर्व'ने सुरू होणारे खरे वाक्य उलटे केले की ते खोटे होऊ शकते. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्याभोवती फिरणारे सगळेच ग्रह नसतात. बस, एवढेच. पण हे एवढे जरी आमच्या प्रत्येक आठवीच्या मुलाला स्वतःच्या चुकीतून उमगले, तरी अर्धी भाषणे निकामी होतील आणि चित्रफिती निम्म्याने कमी फिरतील.

आम्हाला असे पुस्तक मराठीत हवे. पातळ हवे, शंभर पानांच्या आत. त्यात व्याख्या शेवटी आणि उदाहरणे आधी हवीत. उदाहरणे रेशन दुकानातली, बाजार समितीतली, निकाहाच्या बैठकीतली, ग्रामसभेतली हवीत. त्यात मौलानांच्या तकरीरीतला तर्कदोष हवा, महाराजांच्या प्रवचनातला हवा, पुढाऱ्याच्या सभेतला हवा आणि आमच्यासारख्या लेखकांच्या लेखातलाही हवा. संज्ञा एकच ठरवून घ्यावी आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. शक्य तिथे मंतिकचा आणि न्यायाचा जुना शब्दही शेजारी द्यावा, म्हणजे उर्दू शाळेतल्या मुलाला आणि संस्कृत घेतलेल्या मुलीला कळेल की आपले आजोबा एकाच फळ्यावर लिहीत होते. ते पुस्तक उर्दूतही निघावे. मदरशांनी झैदला बसायला सांगून ते वर्गात आणावे. पण केवळ मदरशांकडे बोट दाखवणाऱ्यांना सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाची आठवण देऊ : शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी जेमतेम तीन-चार टक्के आहेत. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या आणि खाजगी शाळांत आहेत. खरी जबाबदारी तिथे आहे.

२०१८ साली केंद्र सरकारने वाशीमला 'आकांक्षित जिल्हा' ठरवले. जिल्ह्याची प्रगती मोजण्याच्या त्या तक्त्यात शिक्षणाला तीस टक्के वजन आहे. मुलाला भाषा किती येते, गणित किती येते, हे त्यात मोजतात. मोजावेच. पण कानावर आलेले खरे की खोटे हे त्याला ठरवता येते काय, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. आमची आकांक्षा कोणी विचारली तर तो रकाना ही आमची आकांक्षा आहे.

तर्काने सगळे मिळते असा आमचा दावा नाही. चुकीच्या विधानांपासून बिनचूक पायऱ्या चढून चुकीच्या निष्कर्षाला पोचता येते. साचा बरोबर असला म्हणून माल खरा ठरत नाही. मन मोठे असणे, दुसऱ्याचे दुःख कळणे, या गोष्टी सत्यता कोष्टकात नसतात. पण दुसऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय त्याची दलील तपासता येत नाही, आणि ऐकून घेणे ही अदबीची पहिली पायरी आहे. म्हणून आम्ही म्हणतो, तर्क शिकलेला माणूस हुज्जती होत नाही. ज्याला तर्क येत नाही तोच आवाज चढवतो.

त्या अभ्यासिकेतल्या मुलाला आम्ही परवा पुन्हा भेटलो. त्याची भरती हुकली होती, पुढच्या तयारीला लागला होता. आम्ही त्याला त्या रात्रीच्या चित्रफितीची आठवण दिली आणि विचारले, "त्या वाक्यात 'सगळे' होते की 'काही'?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "चाचा, ते तर पेपरमध्ये येत नाही."

उद्या तो वर्दी घालील. रस्त्यात कोणाला तरी अडवून नाव विचारील, गाव विचारील. त्या वेळी त्याच्या डोक्यात 'सगळे' असेल की 'काही', यावर एखाद्या निरपराधाची रात्र, कदाचित काही वर्षे अवलंबून असतील. ते पेपरमध्ये यायलाच हवे.